भरती नसलेलं तळं

हे लिहायला मी उरलो तो बिबवेवाडीच्या एका मावशीमुळे. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. पण आधी ती, मग बाकीचं.

आठवीतून शाळा सोडून पुण्यात आलो तेव्हा आयटीवाल्यांसाठी टॉवरवर टॉवर उठत होते. त्यांचं सांडपाणी एका तळ्यात यायचं आणि तळ्यावर जलपर्णी माजली होती. ती काढायच्या टोळीत मला घेतलं, कारण होडी हाकता येत होती. मी ओढून आणायचो. मावशी आणि बरोबरच्या बायका काठावर ट्रॅक्टर भरायच्या.

आमच्या गावचं तळं समुद्राला लागून. मुखाशी वाळू साचली, पाणी कुजायला लागलं, की सगळा गाव फावडी घेऊन वाळू फोडतो. मग भरती आत येते आणि ओहोटी घाण घेऊन जाते. पुण्यातल्या तळ्यात घाण नुसती यायची, जायला वाट नव्हती. खोलीवर पडलो की मला माझंही तसंच वाटायचं.

एका दुपारी वारा सुटला आणि जलपर्णीचं रान चारी बाजूंनी होडीला भिडलं. वल्हं अडकलं, काढताना मोडलं. उडी मारावी तर मुळं पायात गुंतणार. मी गप्प बसून राहिलो. गावी होडी गाळात रुतली की आम्ही हेच करतो, भरतीची वाट बघतो.

"अहो कोकणचे राजे, समाधी लागली का?" मावशी काठावरून ओरडली.

"पाणी चढेल ना, मावशी!"

"चढेल हो! इथं नळाला येत नाही वेळेवर!"

बायका हसल्या. मी मात्र खाली बघितलं. होडीत फटीतून पाणी झिरपत होतं आणि भरती कधीच येणार नव्हती. मी बहुतेक रडायला लागलो, कारण हसणं थांबलं.

मावशीनं ट्रॅक्टरची ट्यूब अंगात अडकवली, कमरेला दोर बांधला, त्याचं टोक बायकांच्या हाती दिलं आणि कोयत्यानं जलपर्णी तोडत आत आली. त्या काळ्या पाण्यात, गळ्यापर्यंत. कमरेचा दोर सोडून होडीला बांधला आणि होडीची कड घट्ट धरून म्हणाली, "आता हलू नकोस बाबा. मला पोहता येत नाही."

बायकांनी आम्हाला दोघांनाही ओढून काढलं. पुढे कितीतरी दिवस तिच्या अंगावर फोड होते. विचारलं की म्हणायची, "जेवलास का ते सांग."

मी अजून पुण्यातच अडकलोय. पण गावी जाणं जमेल तेव्हा एकटा जाणार नाही. मावशीला नेईन, आमच्या उथळ, नितळ पाण्यात उतरवीन आणि हात न सोडता तिला पोहायला शिकवीन.