पुड्यावरचं कुंकू

धुरपता गेली हे मले जिनं येऊन सांगितलं, तिच्यावरच मी आधी खेकसली. "काहून असं अभद्र बोलून राहिली वं? सकाळीच तं माह्या ओट्यावर चहा पिऊन गेली ती." त्या बाईनं माह्या हाताले धरलं अन् मले उठवून सोबत नेलं. नागपुरातल्या नंदनवन वस्तीत तिचं घर माह्या घरापासून हाकेवर. सकाळी आली, चहा बशीत ओतून प्यायली, "साखर टाकत जाय नं वं सोना, आता कोनासाठी वाचवून राहिली?" असा टोमणा मारला अन् पदर झटकून गेली. दुपारी भाजी निवडता निवडता भिंतीले टेकली ते टेकलीच... डॉक्टर आला तं हात पाहून पिशवी घेऊन उठला. मी पोचली तवा ताटात अर्धी मेथी निवडलेली, अर्धी तशीच होती. आज महिना उलटला, पण मले अजून पटून नाही राहिलं. मरण मी लय पायले. घरातले पायले, कामावरचे पायले. पण चालत्या बोलत्या माणसानं असं मधातच उठून जावं, हे मले समजतच नाही.

मी शाळेत गेली नाही. पेपर मले दुसऱ्यानं वाचून दाखवावा लागते. तिच्या दिवसातच एका रविवारी तिचा जावई, मंगलाचा नवरा, पेपर घेऊन बसला होता. त्यात कंपन्यांच्या गमती येतेत. कोणत्या साबणाचं नाव कसं पडलं, कोणता मालक पहिले सायकलवर माल विकत फिरे, अशा. तो सहज मोठ्यानं वाचत गेला, "लालबाई तिखटाच्या पुड्यावरची हसणारी बाई कोण? उत्तर, मालकांच्या मातोश्री. त्या नेहमी लाल लुगडं नेसत, म्हणून नाव लालबाई."  नावाची गोष्ट खोटी, लुगडं खोटं, अन् मातोश्री... त्या मातोश्री त्याच घरातून नुकत्याच खांद्यावर गेल्या होत्या. पुड्यावरची बाई म्हणजे धुरपता. हे मंगलालेही माहीत नव्हतं. धुरपतानं मले शपथ घातली होती, पण आता तिची सासू नाही, भासरा म्हणजे मोठा दीर नाही, ती स्वतः नाही, मंग चोरी कोनाची? मी पदर खोचला अन् मंगलाले म्हटलं, "बस इथं." कारण जिच्यासाठी धुरपतानं आपलं तोंड दुसऱ्याच्या नावानं देऊन टाकलं, ती पोरगी म्हणजे हेच मंगला.

आम्ही दोघी लकडगंजात एका शेठच्या गोदामात मिरचीचे देठ खुडायच्या कामाले होतो. मिरची पसरून बाया खुडाले बसतेत, त्या जागेले आम्ही सातरा म्हणतो. मिरची यायची भिवापुरची, ट्रकनं. बारकी दिसते, पण अंगात आग. नाकाले फडकं बांधलं तरी दिवसभर शिंका, रात्री हात असे जळेत का मांडीखाली दाबून झोपा लागे. ज्यांचे लेकरं लहान, त्या बाया लेकराचं नाक मनगटानं पुसत, बोट लागलं तं पोरगं तासभर रडे. धुरपता भिवापूरकडचीच, तिकडच्याच एका खेड्यात दिलेली. नवरा तापानं गेला, सासरी दोन वेळचं जेवण अन् चार वेळचे बोल, म्हणून तान्ही पोरगी घेऊन नागपुरात आली. माह्या बाजूची खोली तिनं धरली. कपाळ कोरं, हात कोरे, पण हासणं असं का साऱ्या सातऱ्याले ऐकू जाय. मी तिले म्हणे, "विधवा बाई एवढं हासते का वं?" तं म्हणे, "मिरचीनं तसंही पाणी येऊन राहिलं डोळ्याले, मंग वेगळं रडू कायले?"

शेठनं पहिले पोत्यानं मिरची विकली, मंग चक्की टाकली अन् तिखटाचे पुडे करायचं ठरवलं. नाव काय द्यावं म्हणून त्याचा दिवानजी साऱ्या देवाचे नाव वाचून दाखवून राहिला होता. धुरपता खुडता खुडताच बोलली, "शेठजी, देवाचं नाव नका टाकू. पुडा फाडून लोक उकिरड्यावर फेकतीन, मंग देवावर पाय पडन आमचा." शेठ म्हणे, "मंग काय तुझं नाव टाकू?" साऱ्या बाया हासल्या. आम्ही संध्याकाळी सुटलो का कानापासून टाचेपर्यंत लाल राहो, अन् चौकातले टवाळ पोरं आमच्याकडे पाहून ओरडेत, "लालबाया आल्या रे, शिंका आवरा!" धुरपता म्हणे, "तेच टाका. लालबाई. फुकटात नाव, अन् साऱ्या लकडगंजाले पाठ." शेठनं दिवानजीले ते नाव लिहून घ्याले सांगितलं. ते नाव असं पडलं. लाल लुगड्यानं नाही, टवाळ पोरांच्या चिडवण्यानं पडलं.

मंग चित्र काढाले पेंटर आला, सिनेमाचे बोर्ड रंगवे तो. साऱ्या बायाइनं तोंडावर पदर ओढले. धुरपता तेवढी सुपात मिरची घेऊन हासत बसली. त्यानं कागदावर पेन्सिलीनं काढलं ते मी माह्या डोळ्यानं पायलं, हुबेहूब तीच, हनवटीवरचं गोंदणही, अन् कपाळ कोरं. पण छापून आले पुडे तवा... शेठ स्वतः पेढे घेऊन सातऱ्यावर आला अन् एकेकीच्या हातात पुडा दिला.  चित्रातल्या धुरपताच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. छापखान्यातून म्हणे सांगितलं होतं का सैपाकघरात जाणाऱ्या पुड्यावर कोऱ्या कपाळाची बाई कोण घेईन. कुंकू लावा. अन् लावून टाकलं. जिचं कपाळ तिले कोनी विचारलंच नाही. धुरपतानं पुडा उलटा करून मांडीवर ठेवला.  पेढा तिनं मंगलासाठी पदरात बांधून घेतला.

आमच्यात विधवेनं पाट लावायची रीत आहे. पाट म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं कुंकू लावून त्याच्या घरी जाणं. त्याले कोनी वाईट म्हणत नाही. पण पाट लावला का पहिल्या नवऱ्याचं लेकरू पहिल्या घराचं. माय जाते, लेकरू राहते. भिवापुरच्या बाजारात तिच्या भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, दुकानात टांगलेला तो पुडा पायला, अन् त्याचा समज सरळ झाला. भावजयीनं नागपुरात पाट लावला अन् आपल्याले निरोपसुद्धा नाही. तो पुडा धोतराच्या सोग्यात बांधून दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात उभा. भासऱ्यासमोर बाईनं तोंड उघडायचं नाही, हेही आमच्यात होतं. धुरपता डोक्यावरून पदर घेऊन दाराआड झाली, अन् बोलणं सारं माह्या मार्फत.

"इचारा तिले, कोनाच्या नावाचं लावलं?"

ती आतून मले म्हणे, "सांग वं त्याइले, मी नाही लावलं. छापणाऱ्यानं लावलं."

"म्हणजे छापणाऱ्याशी लावला का पाट?"

"सांग त्याइले, माह्यं कपाळ पाहून घ्या म्हणा."

"कपाळ पुसता येते. फोटू काय खोटा बोलते?"

मी म्हटलं, "भाऊ, हा फोटू नाही, चित्र आहे. पेंटरनं काढलेलं." तो म्हणे, "बाई, हे गोंदणही पेंटरनं काढलं का? मी भावाच्या लग्नात उभा होतो." अन् अंगणात चिंचोके खेळत होती त्या मंगलाले त्यानं उचलून खांद्यावर घेतलं. पोरगी आधी हासली, तिले वाटलं बाजारात नेऊन राहिला. तवा धुरपता दाराबाहेर आली, डोक्यावरचा पदर पडला, अन् आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडावर बोलली, "भाऊजी, पोरीले नका नेऊ." तो थांबला नाही. खरं सांगतो बापा, आमच्या गल्लीतले सारे दारात उभे होते, पण त्याची काही चूकच कोनाले दिसत नव्हती. रीत त्याच्याच बाजूनं होती. धुरपता बराच वेळ रस्त्यात उभी, अन् मी तिचा हात धरून. आम्हाले दोघींले काय झालं तेच समजत नव्हतं.

आम्ही शेठकडे गेलो. शेठ वाईट माणूस नव्हता, ऐकून पांढरा पडला. म्हणे, "सारे पुडे परत मागवतो, चित्र बदलवतो." धुरपता म्हणे, "आता बदललं तं ते म्हणतीन, पकडली गेली म्हणून बदललं. चित्र तेच ठेवा. तुम्ही येऊन सांगा का ही तुमची माय आहे, जवानीतली." शेठ म्हणे, "अवं, माझी आई गोरी, किडकिडीत. अन् तिनं जन्मात मिरचीचा देठ नाही खुडला!" आतून म्हातारीनंच आवाज दिला, "सांग रे तू. कोणाचं लेकरू घरी येत असेल तर माझं नाव वापर." शेठ तरी तिले एकदा म्हणाला, "पाहून घे बाई. एकदा मी बोललो का हे कायमचं. मंग हे तोंड तुझं नाही राहणार." धुरपता म्हणे, "तोंड घेऊन काय करू? पोरगी द्या."

शेठच्या जीपमध्ये मीही गेली, साक्षीले; धुरपता पदर ओढून जीपमध्येच बसून राहिली. खेड्यात जीप आली म्हटल्यावर अर्धं गाव अंगणात. शेठनं हात जोडून सांगितलं, ही माझी आई. लोक माना हलवून राहिले, जीपवाला माणूस खोटं कायले बोलन. पण भासरा अडला, "अन् गोंदण?" आता काय, म्हणून मी शेठकडे पायलं. सासू ओसरीवर मंगलाले मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पुडा मागितला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, लय वेळ पायलं... मंग म्हणे, "नाही रे. ही आपली नव्हे. आपलीले हासताना म्या या घरात कधी पायलंच नाही." अन् पोरीले मांडीवरून खाली उतरवलं. म्हातारीनं सुनेले खरंच ओळखलं नाही, का ओळखून तसं म्हटलं, मले अजून उमगलं नाही. धुरपताले इचारलं तं ती म्हणे, "जाऊ दे, सोडून दे." येताना जीपमध्ये मंगला तिच्या मांडीवर झोपली, अन् धुरपतानं रस्ताभर तिचा पाय मुठीत धरून ठेवला.

पुढं लालबाई तिखट लय चाललं. कॅलेंडर निघाले, भिंती रंगल्या, दुकानादुकानात पाट्या लागल्या. शेठच्या पोराले तं खरंच वाटे का ती आपली आजी होय, अन् पेपरवाले इचारतील तसं तो सांगत गेला. आम्ही सातऱ्यावर होतो तिथंच राहिलो. किराणा आणाले गेलो का धुरपता दुकानदाराले म्हणे, "मालकाच्या मायचा एक पुडा दे गा," अन् माह्या पायावर पाय दाबे. पण एक गोष्ट होती. त्या दिवसानंतर ती कधी फोटूसमोर उभी राहिली नाही. मंगलाच्या लग्नात फोटूवाला मांडवात आला का ही चुलीकडे. मंगला चिडे, "आई, तुहा एक फोटू नाही घरात!" ती म्हणे, "मले पाहून घे न, समोर आहो तोपर्यंत." अशीच वर्षं गेली, किती ते मोजत नाही बसत मी. एवढंच का ती समोर होती तोपर्यंत आम्ही कोनी तिचं तोंड साठवून ठेवलं नाही, अन् ती एका दुपारी निघून गेली.

तेरवीले हार घालाले फोटू पाहिजे होता. साऱ्या पेट्या शोधल्या, नाही निघाला. मी सारं सांगितल्यावर मंगला त्या दिवशी उठून भांडे घासाले बसली. मले वाटलं पोरगी माह्यावर रागावली. तेरवीच्या सकाळी ती दुकानातून पुडा घेऊन आली. तिखट डब्यात रिकामं केलं, पुडा ओल्या फडक्यानं पुसला, कात्रीनं चित्र कापलं अन् काचेच्या फ्रेमीत बसवलं. जावई हळूच म्हणे, "लोक हसतीन मंगला, तिखटाच्या पुड्याले हार?" एकीनं तं सांगितलं, कुंकू तरी काळ्या शाईनं झाकून टाका, विधवा होती ती. मंगलानं दोघांचंही नुसतं ऐकून घेतलं, अन् चित्र आहे तसंच ठेवून हार घातला. जेवाले आलेल्या बायांमधली एक म्हणे, "अवं, हे तं त्या शेठची माय नं? तिले कायले हार घातला?"

मंगला वाढून राहिली होती. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं अन् म्हणे, "शेठची नाही, काकू. माही माय होय."

 ती बाई चित्राकडे पाहे, मंगलाकडे पाहे, अन् तिची नजर हनवटीवर गेली. "बाई वं..." एवढंच बोलली.

फ्रेम आता मंगलाच्या पुढच्या खोलीत आहे, दारातून आत आलं का पहिले तीच दिसते. गॅसवाला इचारते, पोस्टमन इचारते, मंगला प्रत्येकाले तेच सांगते. त्या दिवशी सांगताना तिचा आवाज कापला होता. आता कापत नाही.