तेरापैकी तीन

११ डिसेंबर. दुपारी चारपर्यंत अकरा शाळांचा एकत्रित तक्ता पंचायत समितीत पोहोचवायचा होता. दहा शाळांचे आकडे भरून झाले होते. अकराव्या ओळीवर हात होता, तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मॅडम, ती वस्तीवरची शाळा. ग्रुपवर वाचन तेरापैकी तीन टाकलंय. बघितलं का?"

"बघितलं, साहेब."

"ही शाळा ठेवा म्हणून मी कुठल्या तोंडानं लिहू? उद्या प्रस्ताव वर जातोय. तुमचा अभिप्राय आज पाहिजे. एका ओळीत द्या, निबंध नको."

साहेब म्हणजे तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी. मी केंद्रप्रमुख. केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा जिल्हा परिषद शाळांचा गट. त्याची मी प्रमुख, म्हणजे नावाला. माझं टेबल केंद्रशाळेच्या स्टोअररूममध्ये आहे, शेजारी पोषण आहाराच्या तांदळाची पोती. वरून आलेली पत्रं खाली पाठवायची आणि खालून आलेली माहिती वर. वीस वर्षं वर्गात शिकवलं, आता सात वर्षं हे करते. केंद्र मैंदर्गीच्या बाजूला, राज्याच्या सीमेवर आहे. शाळेचं नाव सांगत नाही. अजून तीन वर्षं नोकरी आहे.

प्रस्ताव होता समायोजनाचा. शब्द गोड आहे. अर्थ असा की कमी मुलांची शाळा बंद करायची आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची. या शाळेत पहिली ते चौथी मिळून सतरा मुलं. जवळची शाळा तीन किलोमीटरवर, आणि मधला रस्ता कारखान्याचा. डिसेंबरात त्या रस्त्यानं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सलग चालू असतात. रस्त्याची अडचण दाखवून शाळा ठेवता येत होती. पण समायोजनाच्या पत्रात एक अट होती: गुणवत्ता समाधानकारक असेल तरच.

आणि गुणवत्ता म्हणजे तेरापैकी तीन. पहिलीची चार मुलं या चाचणीत धरत नाहीत, म्हणून तेरा.

मी डबा न उघडताच स्कूटीला किक मारली.

शाळेच्या पायरीवर महादेवी बसली होती. ही शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. समिती पालकांची असते आणि अध्यक्षही पालकच लागतो. तिची रेणुका चौथीत आहे. तुरीच्या रानातून ती तशीच उठून आली होती. बातमी तिच्यापर्यंत माझ्याआधी पोहोचली होती.

"म्याडम, शाळा बंद करनार म्हने?"

"बंद नाही करणार. समायोजन करायचं म्हणतायत."

"म्हंजे बंदच की. तीन किलोमीटर कोन सोडायला जानार? चार दिस सोडत्याल, पाचव्या दिशी शेळ्यामागं लावत्याल. माझी थोरली तशीच बसली घरी. पाचवीला तितं जायाचं हुतं, कुनी धाडलं न्हाई. मी बी न्हाई धाडलं."

शेवटचं वाक्य ती माझ्याकडे न बघता बोलली.

शेंडगे सर बाहेर आले. मूळचे माळशिरसचे. नेमणूक झाल्यापासून याच शाळेत, आणि दीड वर्षापासून एकटेच, कारण दुसऱ्या शिक्षकांची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली. मुलांची नखं स्वतः कापणारा माणूस. मी त्यांना चाचणीचा कागद मागितला.

चाचणी साधी असते. मुलानं एक उतारा मोठ्यानं वाचायचा. मग त्यावर तीन तोंडी प्रश्न. दोन बरोबर आले की 'समजून वाचतो' या रकान्यात खूण.

"वाचतात, मॅडम. धडाधड वाचतात," सर म्हणाले. "पण प्रश्न विचारला की गप्प. न समजता वाचलं तर ते वाचन नव्हे. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. तुम्हीच घेतलं होतं ते ट्रेनिंग."

घेतलं होतं.

"बाकीच्या शाळांनी काय लिहिलंय, माहीत आहे?"

"ग्रुपवर येतं की सगळ्यांचं. कुणाचे सगळेच वाचतात, कुणाचा एखादाच राहतो."

"मग तुमी बी लिवा की, सर!" महादेवी पायरीवरून ओरडली. "समद्यांनी लिवलं, तुमचाच हात का दुकतोय?"

"अक्का, खोटं लिहायला लावू नका."

"खोटं कोन म्हनलं? वाईच वाडवून."

खरं सांगायचं तर माझाही हात शिवशिवत होता. तिनाच्या आधी एक लावला की तेरा. तेरापैकी तेरा डोळ्यांवर आलं असतं, म्हणून दहा केले असते. कोणी विचारलं नसतं. सात वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. पण सर समोर उभे होते, आणि त्यांच्यासमोर ते करणं मला जमेना. म्हटलं, एकदा माझ्यासमोर घ्या.

पहिली रेणुकाच उठली. उतारा एका बाईचा होता. ती शेळी घेऊन बाजारात जाते, चांगलं गिऱ्हाईक मिळतं, तरी न विकता परत येते. रेणुकानं तो एका दमात वाचला. विरामचिन्हांसकट.

"बाईनं शेळी का विकली नाही?" मी विचारलं.

रेणुका पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"सांग बाळा. जे वाटतं ते सांग."

काही नाही. शेजारच्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. बघा, असंच.

दारातल्या महादेवीला राहवलं नाही. "हेळ, हेळ!" ती कन्नडमध्ये खेकसली. सांग, सांग. रेणुकानं आधी सरांकडे पाहिलं. मग आईकडे वळली आणि भडाभडा बोलत सुटली. हातवारे करून. अख्खा वर्ग हसला. महादेवीही हसली.

"काय म्हणाली?"

"म्हनती, शेळी गाभन हाय. गाभन शेळी कुनी इकतं का? म्हनती, त्या बाईचा नवरा येडा हाय, त्यानंच धाडली आसंल बाजारला."

उताऱ्यात नवरा नव्हता. शेळी गाभण असल्याचं मात्र शेवटून दुसऱ्या ओळीत होतं.

मी सरांना विचारलं, "वर्गात कन्नड बोलू देता?"

"नाही, मॅडम. पहिल्या दिवसापासून नियम आहे. वर्गात फक्त मराठी, तरच मराठी येईल. मुलांनी पाळला पण. एकदाही ओरडावं लागलं नाही."

पाळला होताच. मराठी ऐकून कळत होतं, वाचून कळत होतं. उत्तर सांगण्याइतकी मराठी तोंडात बसली नव्हती, आणि कन्नडमध्ये सांगायचं नाही असं सरांनी सांगितलं होतं. मग मुलं गप्प बसली. पास झालेली तीन कोण ते मी विचारलं. दोघं भावंडं सोलापुरात वाढून परत आलेली, तिसरी अंगणवाडीताईंची मुलगी. तिघांच्या घरी मराठी.

सर खुर्चीवर बसले. "ही चौथी पहिलीपासून माझ्याकडंच आहे," ते म्हणाले. मी घड्याळ बघितलं. दीड वाजून गेला होता.

उरलेल्या मुलांची उत्तरं कन्नडमध्ये घ्यायची, तर समजावून सांगणार कोण? मला कन्नड 'बा-होग', म्हणजे ये-जा म्हणण्यापुरतं येतं. सरांना तेवढंही नाही. महादेवी तयारच होती.

"तुम्ही नको," मी म्हटलं.

"का? मी काय खोटं सांगते?"

"मघाशी सरांना वाढवून लिवा म्हणालात."

"त्ये येगळं," ती म्हणाली, पण गेली पायरीवर परत.

मग मी चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकावर दोन-तीन ओळींचं काम. मुलानं मनात वाचायचं आणि करायचं. बोलायचं काहीच नाही. एकीला आलं: खिडकीतला डस्टर उचल, पण फळा पुसू नकोस, तो दाराबाहेर ठेव. दुसऱ्याला: दप्तरातली सगळ्यात पातळ वही सरांना दे आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहा. एकाला माझी उजवी चप्पल तेवढी हापशापाशी नेऊन ठेवायची होती. त्यानं नेली, आणि मी पुढचा पाऊण तास एका चपलेवर वर्ग घेतला.

रेणुकाची चिठ्ठी होती: अध्यक्षांना पाणी दे, पण अर्धाच ग्लास. तिनं माठातून भरला, उजेडाला धरून बघितला, थोडं पाणी परत ओतलं आणि आईला नेऊन दिला.

"मला आर्दाच व्हय गं?" महादेवी म्हणाली. "उनातनं आले मी."

दहापैकी सात मुलांनी काम अचूक केलं. तिघांना वाचलेलं खरंच कळत नव्हतं. ती चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिली. म्हणजे तेरापैकी दहा. मी मनातल्या मनात खोटा लिहिणार होते, नेमका तोच आकडा. त्याचा आनंद होण्याऐवजी मला थकवा आला.

तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मॅडम, फॉर्मात तोंडी उत्तर म्हटलंय."

"मराठीतच असं म्हटलेलं नाही, पण कन्नड उत्तर तपासायला कोणी नाही. आणि ही वाचनाची चाचणी आहे, बोलण्याची नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ठीक. पडताळणी अहवाल लिहून द्या, सहीनिशी. पण एक विचार करा. वर विचारतील, पडताळणी एकाच शाळेची का केली? ती पण नेमकी बंद करायच्या यादीतली? बाकीच्या दहांचे आकडे तुमच्याच सहीनं येतायत. त्यांची करणार का?"

साहेब धमकी देत नव्हते. ते वाईट माणूस नाहीत. पुढे काय होईल ते सांगत होते. त्या दहा शाळांत माझ्या बरोबरीचे लोक आहेत. त्यांचे आकडे किती फुगलेले आहेत याचा अंदाज मला होता, आणि तरी मी सही करत आले होते. एका शाळेला न्याय द्यायचा तर उरलेल्या दहांना आणि स्वतःला उघडं पाडायला लागणार होतं.

"करते," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"सगळ्या. महिनाभर द्या."

"बघा बाई. तुमचं तुम्ही." फोन ठेवताना साहेब मला मॅडमऐवजी बाई म्हणाले. मी शिक्षिका होते तेव्हा म्हणायचे तसं.

अहवाल सरांच्या टेबलावर बसून लिहिला. दहा वाचतात, तीन वाचत नाहीत. तिघांची नावं लिहिली. चाचणी कशी घेतली तेही लिहिलं. महादेवीनं साक्षीदार म्हणून सही केली. तिला सही करायला वेळ लागतो. सगळे थांबलो.

निघताना सर गेटपर्यंत आले. "नियम आजच काढून टाकतो, मॅडम."

"टाका. आणि थोडं कन्नड शिका. रेणुका शिकवेल."

निकाल फेब्रुवारीत कळला. शाळा त्या वर्षीच्या यादीतून निघाली. शेरा होता: पुढील वर्षी फेरविचार. दुसरा शिक्षक अजून मिळालेला नाही.

या प्रकरणातून मला एवढंच कळलं की आकडा वाईट दिसला की आपण शाळेत धावतो. चांगला आकडा कोणी तपासत नाही. मीही सात वर्षं तपासला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरला सकाळी, मी साडेदहाला केंद्रशाळेत पोहोचले. तिथल्या मुख्याध्यापिका कुलकर्णी बाई आणि मी बारा वर्षं एकत्र डबा खातो. तक्त्यात त्यांच्या शाळेपुढे 'सर्व' असं लिहिलं होतं.

"आज लवकर?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या चौथीपासून सुरुवात करते."

"आपल्यात कशाला गं? आधी लांबच्या कर की."

"आपल्यातच आधी."

त्या पिशवीतून चष्मा काढून उगाच पुसत बसल्या. मी वर्गात गेले आणि पहिल्या बाकापासून चिठ्ठ्या वाटायला लागले. सात चिठ्ठ्या झाल्या. दोनच मुलं जागची उठली. मी आठवी दिली.