शेजारची जागा

हिंगोलीत मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. ब्रेकचं नवं लायनर त्याच्या हातात दिलं की तो आधी ते नखानं खरवडायचा, मग हुंगायचा. आत पितळी तार चमकली तरच बसवायचा. नाहीतर तोंड वाकडं करून म्हणायचा, "हे वापस करा. उतारावर मेणावानी पघळंल."

काम झालं की हात पुसत ड्रायव्हरच्या शेजारी येऊन बसायचा. औंढ्याच्या वाटेवरचा पहिला उतार तो प्रत्येकाबरोबर उतरायचा, दार खाडकन लावून, डोळे मिटून. त्यासाठीच तर आम्ही सगळे ड्रायव्हर त्याच्याकडे जायचो.

लढाई सुरू झाली, विलायती माल यायचा थांबला आणि चांगलं लायनर बाजारातून नाहीसं झालं. तो बरेच दिवस लोकांना परत पाठवत राहिला. शेवटी माझी कापसानं भरलेली छोटी लारी त्याच्या दारात अडकली, तेव्हा त्यानं जिनिंगच्या मशीनचा जुना पट्टा कापून ब्रेकला बसवला. हुंगलासुद्धा नाही.

"चालंल का, मिस्त्री?"

"काहून इचारून राहिले? दुसरं हाये का काई?"

मग तो नेहमीसारखा शेजारी बसला. उतार लागला तेव्हा माझी नजर त्याच्याकडे गेली. दार त्यानं लावलंच नव्हतं. डोळे टक्क उघडे होते आणि एक पाय बाहेर पायरीवर होता. मी पाहिलं, हे त्यानंही पाहिलं.

ब्रेक लागला. पण त्यानंतर तो कुणाच्याच शेजारी बसला नाही, आणि आम्हीही कुणी त्याला बसा म्हटलं नाही.