कऱ्हेच्या पलीकडची आक्का

या सदरातल्या अद्भुत हकिकती मी वाचते, पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसून पान उलटते. पुण्याच्या इंग्रजी शाळेत आमच्या मिसनी फळ्यावर 'सुपरस्टिशन' हा शब्द लिहून त्यावर जाड काट मारली होती, ती माझ्या मनावरही बसली. त्यामुळे पुढचं लिहिताना हात अडखळतोय...

त्या थंडीत बारामतीत उंदीर पडू लागले. प्लेग! घरांना कुलपं लावून सगळं गाव कऱ्हेच्या काठी झोपड्यांत राहायला गेलं. शाळा बंद, म्हणून मीही घरी. वडील – आण्णा – कॅनॉल ऑफिसात. ते ऑफिसही तट्ट्याच्या छपरात भरायचं. आमची झोपडी वाळूला लागूनच होती. धुणं, चूल, निवडणं-टिपणं, सगळं नदीकडे तोंड करून. बाहेरगावाहून येणाऱ्यांना पलीकडच्या काठावरच झोपड्यांत अडवून ठेवत; नदी ओलांडायला दोन्हीकडून बंदी. काही द्यायचंच झालं तर पात्राच्या मधोमध एक सपाट खडक होता. आपण वस्तू ठेवून मागं फिरायचं, तिला चांगलं ऊन लागू द्यायचं, मग पलीकडच्यानं येऊन न्यायची.

आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. माझी मोठी बहीण, आक्का, शेळगावला दिलेली. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. 'संक्रांत झाली की आणून सोडतो' असा सासरचा निरोप आला आणि पाठोपाठ बंदी आली. मग काहीच कळेना.

एका दुपारी मी धुणं पिळत होते. शेजारच्या साळूमावशी हसत होत्या. "इंग्रजी शाळंत धुणं शिकवत न्हाईत व्हय गं? पिळतीयास का कुरवाळतीयास?"

मी ओशाळून मान वळवली, तर समोरच्या काठावर आक्का! हिरवं लुगडं, पाण्यात सोडलेले पाय, एक हात पोटावर.

"आई!" मी ओरडले. मी सहसा ओरडत नाही.

आई धावत आली. "आगं माझ्या बाई... आणली म्हणायची! आन् तितंच अडवली!"

साळूमावशींनी कपाळावर हात धरून पाहिलं. "व्हय की, तुमचीच लेक. दिवस भरत आल्यात तिचं."

इमॅजिनेशन म्हणावं, तर तिघींना एकदम कसं?

मग ती रोज दुपारी यायची. आई काठावरून बोलत राहायची. "जेवलीस का? पाय सुजल्यात का गं? जड उचलू नगंस." आक्का नुसती मान हलवायची. तिला आंबट खावंसं वाटत असणार म्हणून आईनं बोरं वाळवून, कुटून बोरकूट केलं. पाण्याची आईला भारी भीती, म्हणून डबी घेऊन मीच खडकापर्यंत जायची. डबी ठेवायची, आक्काकडे बघून हात हलवायची. काठावर परतले की पुन्हा हलवायची. आम्ही चुलीकडे वळलो की थोड्या वेळानं डबी खडकावर रिकामी, स्वच्छ धुतलेली.

लहानपणी आम्ही दोघी एकाच गोधडीत झोपायचो. ती सासरी गेली आणि मी पुण्याला, एकाच उन्हाळ्यात. त्यानंतर धड बोलणं असं झालंच नव्हतं. खडकावरून तिच्या कपाळाचं कुंकू दिसायचं... पण काठावर पोलीस बसलेला, आणि मी नियम मोडणाऱ्यांतली नव्हे.

एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बंदी उठली तशी आई माझा हात घट्ट धरून पाण्यात उतरली. पलीकडच्या झोपड्यांत विचारत फिरलो. एक म्हातारे आबा म्हणाले, "पोटुशी बाई? हितं तसली कुणीच न्हाय. रोज दुपारी तुमी मायलेकी कुणासंग बोलता, आमीच इचार करायचो."

आई तिथंच वाळूत बसली. तिला जे वाटलं तेच मलाही वाटलं. आण्णांनी बैलगाडी ठरवली. शेळगाव येईपर्यंत आईनं पाण्याचा घोट घेतला नाही.

आक्का आतल्या खोलीत बाजेवर होती. कुशीत मुलगी. शेगडीच्या धुरानं खोकणारी, जिवंत आक्का!

"प्लेगात कुठं आणायची हिला?" तिच्या सासूबाई म्हणाल्या. "गाव सोडून कुठं गेलीच न्हाय ही. दुपारची झोपायची मातर अशी, की हाक मारली तरी उठंना. आन् पाय गार! मीच चोळत बसायची."

आक्का आईला म्हणाली, "बोरकुटात मीठ जास्त पडलं व्हतं गं."

आई बघतच राहिली. "तुला कसं ठावं?"

"सपान पडायचं. तू पल्याड काठावर हुबी, जेवलीस का म्हणून इचारायचीस. तेवढ्यासाठी तर झोपायची मी." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "इंदे, तू पुण्यालाच व्हतीस व्हय गं? रोज आईच्या आजूबाजूला हुडकायची तुला. एकदाबी आली न्हाईस."

आईनं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

"हो आक्का," मी म्हटलं, "पुण्यालाच होते."

आबांना ती दिसली नाही, आम्हाला दिसली... हे मी एखाद वेळी कसंबसं मान्य करीन. मीठ, गार पाय, तेही. पण नदीत उतरून तिच्या सगळ्यात जवळ मीच गेले होते. तिनं मलाच का पाहिलं नाही, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.