डबा वाजतोय काय, अक्का?

बेळगावच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी दुकानात अक्काचा पेढ्यांचा पत्र्याचा डबा पुसत बसले होते. शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली, मी चप्पल न घालताच धावले, आणि पलीकडून थोरले भावजी एवढंच म्हणाले, ‘‘गेली गं...’’ अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, भावजींची बायको. कावीळ झाली ती उतरलीच नाही. डॉक्टर शेवटी सांगत होते म्हणे, बाकी सगळं थकलं, पण हृदय मात्र ठणठणीत होतं. हे ऐकून मला रडता रडता हसू फुटलं. ज्या हृदयाच्या नावानं या बाईनं अख्खं घर नाचवलं, तेच मेलं शेवटपर्यंत इमानानं राबलं! अक्काला हे कळलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी खानापूरहून लग्न होऊन रामनगरात आले. घराला लागूनच किराणा दुकान, त्यात सासूबाईंचं राज्य. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. अक्का दिग्गीची, पार जंगलातल्या भातशेतीवाल्या घरची. तिला बोलायचा कंटाळा आणि मला गप्प बसायचा, त्यामुळं आमचं झकास जमलं. मी बडबडायची, ती तांदूळ निवडत ‘व्हय, व्हय’ करायची. फारच झालं की म्हणायची, ‘‘आता जरा गप बस, मी चा ठेवून येतो.’’ आमच्याकडे बायकाही ‘येतो-जातो’च म्हणतात, वाचणाऱ्यांनी दचकू नये.

एकदा ती माहेरी दिग्गीला जाऊन परत येत होती. जोयड्याच्या पलीकडं, एका वळणावर, भर जीपमध्ये तिची छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. ‘‘मी मरतोय, जीप थांबवा,’’ म्हणून ओरडली. बेळगावला नेऊन छातीची ईसीजीची पट्टी काढली, सगळं बरं निघालं. पण आठवड्यानं बाजारात पुन्हा तेच, मग पुन्हा. आधी जीप सुटली, मग बाजार सुटला, शेवटी दुकानाची पायरी उतरणंसुद्धा बंद झालं. उळवीच्या देवाचा अंगारा झाला, लिंबू उतरवून झालं, दंडात गंडे बांधून झाले. मी आपली रोज सांगायची, ‘‘काय होत न्हाई अक्का, उगंच भितीस.’’ ती ‘व्हय’ म्हणायची आणि मान खाली घालायची. आणि तिकडं दिग्गीत तिची आई अंथरुणाला खिळलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर म्हातारीचा निरोप यायचा, एकदा तोंड दाखवून जा म्हणून. निरोप आला की अक्का पिशवी भरायची, पायरीपर्यंत यायची, तिथंच उभी राहायची... आणि पिशवी परत रिकामी करायची.

अशात एक दिवस जोयड्याच्या सरकारी दवाखान्यातला नवा डॉक्टर दुकानात चहापत्ती घ्यायला आला. अक्काला भिंतीला टेकून हाशहुश करताना त्यानं पाहिलं आणि चहापत्ती राहिली बाजूला, तासभर बसला. म्हणाला, ‘‘हृदय चांगलं आहे. हा भीतीचा आजार आहे. यांचं दुखणं खोटं नाही, पण यानं माणूस मरत नाही. धारवाडला एक समुपदेशक बाई आहेत, बोलून बोलून बरं करतात. त्यांना दाखवा.’’

धारवाड! आमच्या भागात या गावाचा अर्थ एकच. पोर फार हूडपणा करायला लागलं की आई ओरडते, ‘‘आता तुला धारवाडला घालतो बघ.’’ तिथं वेड्यांचा मोठा दवाखाना. आत्तींनी कपाळावर हात मारला. ‘‘आमच्या घरची सून धारवाडला? उद्या घरातल्या पोरींना कोण करून घेईल?’’ भावजी तर आईपुढं कधी बोललेच नव्हते. मग मीच तोंड उघडलं, ‘‘आत्ती, धारवाडात पेढंबी मिळतात की!’’ झालं! पंधरा-पंधरा दिवसांनी दोघी जावा धारवाडचे पेढे आणायला जाणार, ते दुकानात ठेवणार, आणि गावाला एवढंच सांगायचं. आत्ती तरी नाही नाही म्हणत होत्या, पण भावजी जन्मात पहिल्यांदा आईला तोडून बोलले, ‘‘जाऊन येऊ देत.’’

पहिल्या फेरीत अक्का बसमध्ये डोळे गच्च मिटून माझा दंड धरून बसली. वळ उठले माझ्या दंडावर. बाईंच्या खोलीबाहेर बाकावर मी ताटकळत होते. ती बाहेर आली तशी मी विचारलं, काय औषध दिलं?

‘‘काय न्हाई. मीच बोललो. त्या ऐकत हुत्या.’’

‘‘एवढंच? मग ऐकायला धारवाड कशाला, घरात मी न्हवतो काय?’’

‘‘तू कुठं ऐकतीस? तू बोलतीस.’’ अक्का शांतपणे म्हणाली. मला मिरची झोंबली, पण खरं ते खरंच होतं.

पुढं एकदा बाईंनी तिला लहानपणीचं काहीबाही विचारलं. अक्कानं वडिलांच्या शेतातल्या माळ्याची, म्हणजे मचाणाची, गोष्ट सांगितली. भात पिकलं की रानडुकरं येतात, म्हणून वडील शेतात माळ्यावर राखणीला बसायचे आणि चाहूल लागली की पत्र्याचा डबा बडवायचे. एका वर्षी डुकरांनी सगळं पीक लोळवलं, तेव्हापासून वडिलांनी असा धसका घेतला की नुसता वारा आला तरी डबा बडवायचे. घरात कुणाला झोप नाही. बाई हसल्या आणि आपल्या कानडी हेलाच्या मराठीत म्हणाल्या, ‘‘तुमच्या छातीत पण तसंच कोणीतरी बसलंय की!’’ परतीच्या बसमध्ये अक्का कितीतरी वेळ स्वतःशीच हसत होती. राखणदार इमानी आहे, फक्त भेदरलेला आहे. त्याच्यावर चिडायचं नाही, त्याला घाबरून पळायचंही नाही. श्वास सावकाश सोडायचा, डुक्कर आहे की वारा ते बघायचं, आणि वारा असेल तर वाजवून वाजवून त्याला दमू द्यायचं. तेव्हापासून आमच्या घरात ‘कसं वाटतंय’ हा प्रश्नच संपला. मी विचारायची, ‘‘डबा वाजतोय काय, अक्का?’’

बाईंनी तिला चढ थोडा थोडा करून दिला. आधी पायरी उतरून उभं राहायचं, मग समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, मग स्टँडवर, मग जीपनं जोयड्यापर्यंत. सरळ काही झालं नाही. मधे एकदा सगळं केलेलं पाण्यात गेलं, पुन्हा पायरीही उतरवेना. ‘‘माझ्यानं न्हाई व्हायचं,’’ म्हणून ती ढसाढसा रडली. मी भांडून-तंडून तिला पुन्हा बसमध्ये घातलं. बाई म्हणाल्या, मागं घसरला तरी पाय चालायचं विसरत नाही. पुन्हा पायरीपासून सुरुवात झाली.

आणि पावसाळा सरल्यावर आम्ही दिग्गीला निघालो. जोयड्याच्या पलीकडं तेच वळण आलं आणि अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. मी हळूच विचारलं, ‘‘डबा?’’ तिनं मान डोलावली. मी जीपवाल्याला हाक मारणार, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. ‘‘वाजतोय... वाजू दे. जीप थांबवू नको.’’ वळण गेलं. पुढं जीप थांबते तिथून पायवाट. ओसरीवर म्हातारी पडून होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, हातानं लेकीचं तोंड चाचपलं. ‘‘किती उशीर केलास गं...’’ अक्का म्हणाली, ‘‘आई, मला भ्या वाटत हुतं.’’ म्हातारी म्हणाली, ‘‘मलाबी. तू यायच्या आधी मी जाईन म्हणून.’’ शिमग्याच्या आसपास म्हातारी गेली तेव्हा अक्का उशाशी होती. मला वाटतं, अक्काच्या जन्माचं ते एक काम झालं.

त्यानंतर कधीतरी एका गिऱ्हाईक बाईनं विचारलं, पेढ्यासाठी इतक्या लांब कशाला जाता? अक्का तोंडभर हसून म्हणाली, ‘‘पेढ्यासाठी न्हाई, मन दाखवायला जातो. छातीत भीतीचा डबा वाजतो माझ्या.’’ मी मोजत असलेलं मीठ खाली सांडलं! आत्ती कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी तीच बाई परत आली. दुकान रिकामं व्हायची वाट बघत उभी राहिली आणि काही न मागता पेढ्यांच्या डब्यावर बोटांनी नुसतं टकटक केलं. अक्कानं ओळखलं. तिला आत तांदळाच्या पोत्यावर बसवून विचारलं, ‘‘कसा वाजतोय?’’ मग अशा बायका येतच राहिल्या. खेड्यांतून यायच्या, डब्यावर टकटक करायच्या, आत जायच्या. अक्का स्पष्ट सांगायची, ‘‘मी काय डॉक्टर न्हवं, मी नुसता ऐकतो. इलाजाला बाई हाईत, चला माझ्यासंगं.’’ कितीजणींना तिनं स्वतः धारवाडला नेलं. पेढ्यांचा खपही तसाच वाढला, ते वेगळं.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. डबा तिथंच आहे, गल्ल्याशेजारी. परवा दुपारी मी वाणसामानाची पुडकी बांधत पाठमोरी होते, आणि मागं टकटक झाली. बाहेरची कुणी असेल म्हणून वळले, तर आत्ती. ऐंशी उलटलेल्या, धारवाडचं नाव काढलं की कपाळ बडवणाऱ्या आमच्या आत्ती. मी म्हटलं, ‘‘पेढा पाहिजे काय?’’ त्यांनी नकारार्थी मान हलवली. हात डब्यावरच होता.

‘‘थोरली गेल्यापास्नं... माझ्यातबी वाजतोय गं.’’

‘काय होत न्हाई आत्ती’ हे माझ्या ओठांवर आलंच होतं. गिळलं. पोतं पुढं ओढलं, त्यांना धरून बसवलं, शेजारी टेकले. विचारलं, ‘‘कसा वाजतोय?’’

आणि मग मी गप्प बसले.