मेन स्विचची माफी, मुक्काम बरका

एकोणिसाव्या वर्षी मी पुण्यात एका भर मैफलीची वीज तोडली. छातीवर 'स्वयंसेविका' असा बिल्ला आणि डोक्यात हवा, दुसरं काय! कॉलेजात दोन रॉक बँड आले होते. काचेवर रंगीत तेल ओतून भिंतीवर त्याचे ओघळ नाचवत होते, उदबत्त्यांचा धूर, आणि वीस मिनिटं झाली तरी एकच गाणं. मध्येच दुसऱ्या बँडचा एक केसाळ मुलगा गिटार घेऊन सरळ मंचावर चढला. ना निवेदन, ना नारळ, ना माझ्या यादीत नाव. घुसखोर! मी मेन स्विच खाली ओढला. असं आपणहून चढून एकमेकांत वाजवणं हीच त्या संगीताची रीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर सगळे निघून गेले होते.

ही गोष्ट मस्कतच्या जावयाला पाठ आहे. परवा त्याचा फोन आला, "आई, इथं मस्कतजवळ बरक्यात एक स्पीकरवाले चाचा आहेत. सेम गोष्ट सांगतात. फक्त त्यात तुम्ही चेटकीण आहात."

नातीला भेटायला म्हणून तिकीट काढलं. पिशवीतला नारळ मुंबईच्या विमानतळावरच काढून घेतला. दुसरा मस्कतच्या दार्सैत भागात, कृष्णमंदिराजवळ मिळाला. सकाळी तिथल्या भजनातही बसले.

"आजी, तू खरंच सॉरी... बोलणार?" नातीनं विचारलं.

"भाषणसुद्धा पाठ केलंय," मी म्हटलं. ते खरं होतं.

बरक्याच्या वाटेवर डावीकडे बोडके तपकिरी डोंगर, मग खजुरीच्या बागा, मग मासळीबाजाराचा वास. जावई सुरमईपाशी रेंगाळला. मी त्याला ओढत दुकानात नेलं. स्पीकरवाले चाचा, म्हणजे इक्बालभाई, मूळचे रायगडकडचे. त्या केसाळ मुलाचे केस आता पार गेलेले.

"ती चेटकीण मीच," मी म्हणाले.

ते बघतच राहिले. "एवढी बुटकी? अंधारात मोठी वाटली होती!" मग हसू ओसरलं. "मंचावरच्या त्या पोराबरोबर परत वाजवायचं राहिलंच, ताई. पुढच्या साली मी इथं आलो. खलास (संपलं)."

पाठ केलेलं माफीचं भाषण बाजूला ठेवून मी पिशवीतला नारळ चाचपला.

"चला," ते म्हणाले, "आज शुक्रवार. अर्बाबच्या (मालकाच्या) बागेत आम्ही वाजवतो."

अर्बाब सालेम ऊद वाजवतात (आखूड मानेचं, पोटाळं तंतुवाद्य). त्यांनी खजूर आणि काहवा (वेलचीची कडू कॉफी) पुढे केला. मी उठले, पदर खोचला, इक्बालभाईंची रीतसर ओळख करून दिली आणि नारळ हातात ठेवला.

"यल्ला (चला), हा आता फोडायचा?" सालेमनी हिंदीत विचारलं. सगळे हसले.

मग दोघं सुरू झाले. उदानं प्रश्न टाकायचा, गिटारनं तो वाकवून परत करायचा. माझा हात पर्समध्ये गेला. सकाळच्या भजनाच्या झांजा तिथंच होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. मी उठले आणि मध्ये घुसले. पहिले चार ठोके चुकले. नातीनं तोंड झाकलं. पण इक्बालभाईंनी लय जरा ओढून धरली, माझ्यासाठी, आणि मी सापडले. वीस मिनिटं एकच धून. या वेळी ती फार लवकर संपली.

गाडीत बसले तेव्हा इक्बालभाई खिडकीशी वाकले. म्हणाले, "ताई, यादीत तुमचं नाव नव्हतं हां. पण बघा, मी स्विच बंद केला नाही."