कुंकवाची बाटली

"कागद ठेवा बाजूला, सिस्टर. पिशवी पालथी करा."

आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर पेशंटला नमस्कार करायच्या आधी हे म्हणायचे. भाईंदर पूर्वेच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात पेशंट येतो तो प्लॅस्टिकची पिशवी घेऊनच, हे तुम्हीही पाहिलं असेल. डॉक्टर ती थेट पलंगावर ओतायचे. फणी, चष्मा, प्रसादाची पुडी, अर्धी तोडलेली गोळी. एका शेठजींच्या पाचकाच्या डबीत ब्लडप्रेशरच्या गोळ्या निघाल्या, तेव्हा म्हणाले, "शेठ, ये चूरन कौन से डॉक्टर ने दिया?" मला वाटायचं, डॉक्टर आहेत की नाक्यावरचे झडती घेणारे!

एकदा जवळच्या तारोडी गावच्या एक कोळीण मावशी आल्या. हर्निया अडकलेला, ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. मी विचारलं, "मावशी, कुठलं औषध चालू आहे?"

"औषध न्हाय गो."

मी फॉर्मवर 'काही नाही' लिहून मोकळी झाले. डॉक्टरांनी पिशवी ओतली. इंजेक्शनची एक छोटी बाटली घरंगळली, कुंकवानं भरलेली. त्यांनी लेबल पुसून वाचलं.

"मावशी, ही कुठली?"

"लघवीला जळजळ व्हती, त्याच्या सुया. पाच झाल्या, काल शेवटची. बाटली कुंकवाला बरी."

"आणि औषध नाही म्हणालात?"

"सुई काय औषध हाय?"

माझा चेहरा उतरला. डॉक्टर रागावले नाहीत, समजावून सांगितलं. भूल देताना स्नायू सैल करायचं औषध देतात, तेवढा वेळ श्वास मशीन देतं. या सुया अंगात असल्या की तो सैलपणा लवकर उतरत नाही. घशातली श्वासाची नळी घाईनं काढली, तर पेशंट गुदमरेल.

त्यांनी डोस बेतानं दिला. ऑपरेशन आटोपलं. सर्जन घड्याळ बघत म्हणाले, "झालं ना, काढा नळी." मावशींनी डोळेही उघडले होते.

"मान उचला, मावशी," स्नायूंत ताकद परतली का ते बघायला डॉक्टर म्हणाले.

मान थरथरली आणि पडली.

"थांबायचं," डॉक्टर म्हणाले. मावशींना पुन्हा झोपवलं, मशीन चालूच ठेवलं. तासभर ते स्टुलावरून हलले नाहीत. मी देवाचा धावा करत होते, कारण फॉर्मवर अक्षर माझं होतं.

"मान उचला." आता उचलली! डॉक्टर मोजायला लागले. पाचपर्यंत पुरे असतं, मावशी आठपर्यंत गेल्या, वर माझा हात असा आवळला की बोटं कळवळली. नळी निघाली. घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न आला, "माझी बाटली?"

मी तिथेच रडले आणि हसलेही. डॉक्टरांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

ते आता निवृत्त होऊन रत्नागिरीकडे गावी राहतात. मला त्यांची फार आठवण येते. नवे डॉक्टर हुशार आहेत, पण घाईचे. परवा त्यांनी फॉर्मसाठी हात पुढे केला.

"कागद ठेवा बाजूला, डॉक्टर," मी म्हणाले, आणि पिशवी पालथी करून पेशंटला विचारलं, "काका, सुया किती झाल्या?"